संख्यानामांतील ‘ऊन’ आणि बीजगणिताची पूर्वतयारी

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितपुस्तकात ‘एकवीस’ या नावाबरोबर ‘वीस एक’ असेही वाचन सुचविण्यात आले, व त्याचे पडसाद विधिमंडळापर्यंत उमटले. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा हेतू उच्चारक्रम व लेखनक्रम जुळवून जोडाक्षरांचा भार हलका करण्याचा होता. अडचण खरी आहे. ‘एकोणतीस’ या नावातील ‘तीस’ तेवढे कानी धरून ३९ लिहिले जाण्याचा संभव असतो. तथापि, या नावातील ‘ऊन’ या घटकाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

‘एकोनत्रिंशत्’ म्हणजे एकाने ऊन अशी तीस ही संख्या. मराठीत १९ पासून ८९ पर्यंतची नवान्त आठही नावे अशी वजाबाकीची आहेत. ९९ चे ‘नव्व्याण्णव’ मात्र ‘नवनवति’पासून आलेले, म्हणजे बेरजेचे आहे. हिंदीत ८९ ला ‘नवासी’ म्हणतात. तेथे ‘ऊन’ आढळत नाही.

हाच घटक ‘पाऊण’ व ‘पावणे’ या शब्दांतही आहे. ‘पादोन’ म्हणजे चतुर्थांशाने उणे. लासलगावच्या कांदालिलावात ‘पावणेदोन हजार’ असा भाव पुकारला, तर शेतकरी १७५० समजतो. २००० तून पाव वजा करीत नाही. म्हणजे (२ − १/४) × १००० या मांडणीतील कंस उच्चारला जात नसला तरी अर्थात पाळला जातो. संख्येच्या जागी क्ष मानल्यास ‘पावणे’ म्हणजे क्ष − १/४, ‘सव्वा’ म्हणजे क्ष + १/४ आणि ‘साडे’ म्हणजे क्ष + १/२ होय. ‘दीड’ व ‘अडीच’ ही रूढ रूपे तेवढी या नियमाबाहेर राहतात.

वरच्या इयत्तेत पूर्णांक संख्या शिकताना विद्यार्थ्यास ‘उणे तीन’ हा शब्दप्रयोग सर्वस्वी नवा वाटतो. वस्तुतः ‘उणे’ हे ‘ऊन’चेच रूप असून ते त्याच्या तोंडी लहानपणापासून आहे. म्हणून ‘एकोणतीस’ शिकविताना ३० − १ ही फोड फळ्यावर मांडावी, आणि कंस व चल यांचा परिचय ‘पावणेदोनशे’पासून करून द्यावा. ‘वीस नऊ’ या वाचनाने स्थानिक किंमत सुबोध होते, हे मान्यच आहे. परंतु त्यापायी ‘एकोणतीस’ लोपल्यास वजाबाकीचा हा घरचा आधार विद्यार्थ्याच्या हातून जाईल. यास्तव दोन्ही वाचने वर्गात नांदावीत, हेच इष्ट होय.