अंध खेळाडूचा 'स्वभाव' नावाची गोष्ट

रायगडातल्या धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे सुमारे 36 किलोमीटर पोहून जाणे ही सागरी जलतरणपटूंची जुनी परीक्षा. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळस माणसालाही फारसे दिसत नाही. दिशा सोबतची बोट दाखवते. त्या पोहणाऱ्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. अंध खेळाडूने मात्र दुसऱ्याची मदत घेतली की कीव येते आणि तो जिंकला की 'देवाने एक घेऊन दुसरे दिले' हे वाक्य ठरलेलेच. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: अंध खेळाडू म्हणजे जात्याच शांत, एकाग्र, जिद्दी माणूस.

वस्तुस्थिती अशी की मनाची घडण अंधत्वापेक्षा खेळ जास्त ठरवतो. विदर्भाच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी 2017 मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मेडलीचे सुवर्ण जिंकले. त्यांच्या एस-11 या पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंधांच्या गटात सगळेच काळा गॉगल लावतात आणि भिंत जवळ आली की काठावरचा साहाय्यक मऊ टोकाच्या काठीने स्पर्श करतो. तो स्पर्श होईपर्यंत, न दिसणाऱ्या भिंतीच्या दिशेने वेग न तोडता जाणे, हे तिथले धैर्य. बुद्धिबळात त्याचा काही उपयोग नाही. तिथे खाचांचा पट बोटांनी चाचपत, चाल मोठ्याने सांगत तासन्‌तास बसावे लागते. अंधांच्या गोलबॉलमध्ये घुंगरांचा सव्वा किलोचा चेंडू ऐकून क्षणात अंग आडवे झोकून द्यायचे असते. बुद्धिबळातला सावकाशपणा तिथे गोल खाईल. शिवाय 'अंध' हा एक गट नाहीच. अंध क्रिकेटच्या अकरांत पूर्ण अंध किमान चार, बाकीचे अंशतः पाहणारे. जन्मांध आणि पुढे दृष्टी गेलेला यांचे अनुभव तर आणखी वेगळे.

कोणी म्हणेल, कान आणि बोटे तरी तीक्ष्ण असतातच ना? जन्मापासून किंवा लहानपणापासून अंध असलेल्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग ब्रेल वाचताना काम करतो, हे 1996 मध्ये दिसून आले. पण मेंदू जागा देतो, कौशल्य सरावानेच येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पदक मिळवणारे मुळातच कणखर नसतात का? असतीलही. पण ती चाळणी डोळस खेळाडूंनाही लागते. तलाव, प्रशिक्षक आणि सोबती मिळालेलेच तिच्यातून वर येतात. त्यांच्यावरून मुरूडच्या एखाद्या अंध मुलाचा स्वभाव ठरवणे चूकच.

उरला परावलंबनाचा मुद्दा. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची दृष्टिबाधित धावपटू एलेना कॉन्गोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. शेवटच्या काही मीटरवर तिचा मार्गदर्शक कोलमडू लागला. त्याला सावरताना तिच्या हातून दोघांना जोडणारी दोरी सुटली आणि त्याच कारणाने तिला बाद ठरवण्यात आले. इथे कोण कोणावर अवलंबून होते?