जाहिरातीवांचून नियतकालिक कसें जगतें?

लेखन करून पोट भरतें काय, हा प्रश्न पालक पुष्कळदां विचारतात. आणि विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस लिहिण्याची आवड आहे ते तो मनांतल्या मनांत विचारीत असतात. या प्रश्नाला सरसकट ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देतां येत नाहीं. परंतु एखादा मनुष्य स्वतःचें लहानसें पत्र काढून, त्यांत एकहि जाहिरात न घेतां, वर्षानुवर्षें नियमित मिळकत करूं शकेल काय, असा नेमका प्रश्न केला तर त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नियतकालिकाचा खर्च मुख्यत्वें दोन ठिकाणांहून निघतो: वाचकाच्या वर्गणींतून आणि जाहिरातदाराच्या पैशांतून. बहुतेक पत्रें या दोहोंवर चालतात. वाचक जी किंमत देतो तींत पुष्कळदां कागद व छपाई यांचाहि खर्च भागत नाहीं. उरलेला भार साबण, औषधें, कापड विकणारे व्यापारी उचलतात. वाचकास पत्र स्वस्त मिळतें हें खरें. पण व्यापारी जे पैसे देतो ते लेखासाठीं देत नाहीं, लेखाशेजारून फिरणाऱ्या वाचकाच्या दृष्टीसाठीं देतो. म्हणून वाचक किती आहेत एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. ते पत्र मनापासून वाचतात कीं नुसतें चाळतात, याच्याशीं त्याला फारसें कर्तव्य नसतें. शिवाय बाजारांत मंदी आली कीं व्यापाऱ्याची पहिली कात्री जाहिरातीवरच चालते. हजार-दोन हजार वाचकांच्या पत्राला असा जाहिरातदार सहसा विचारीत नाहीं. मात्र तेवढ्याच वाचकांची वर्गणी एका लेखकाचा संसार चालवूं शकते. या लेखाचें सार एवढेंच आहे. तें कसें घडतें तें आतां पाहूं.

आपल्या देशांतील संपादकांत महात्मा गांधी यांनीं या गोष्टीचा विचार फार कसोशीनें केला. १९०३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें ‘इंडियन ओपिनियन’ हें साप्ताहिक निघालें. आरंभीं त्यांत जाहिराती येत, व छापखान्यांत बाहेरचें छपाईचें कामहि घेत. तरी खर्च भागेना; एके काळीं गांधीजींस आपल्या वकिलीच्या मिळकतींतून दरमहा ७५ पौंड त्यांत घालावे लागत. पुढें त्यांनीं जाहिराती व बाहेरचें काम दोन्ही बंद केलीं. जाहिराती मिळविण्यासाठीं एका चांगल्या कार्यकर्त्याचा वेळ व्यापाऱ्यांची मनधरणी करण्यांत जात असे, आणि कोणती जाहिरात घ्यावी व कोणती नाकारावी हा पेंच नेहमींच पडे. जाहिराती गेल्यावर, पत्र आपलें आहे व तें चालविण्याची जबाबदारीहि आपली आहे, ही जाणीव तेथील हिंदी समाजांत आली, असें त्यांनीं नमूद केलें आहे. १९१९ सालीं त्यांनीं ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ हीं पत्रें हातीं घेतलीं तेव्हां प्रथमपासूनच जाहिरातींस मज्जाव केला. तरी एके काळीं दोहोंचा मिळून खप ४०,००० च्या आसपास गेला होता. १९३३ सालीं ते येरवड्याच्या तुरुंगांत असतां पुण्याहून निघालेलें ‘हरिजन’ हें साप्ताहिकहि याच धोरणानें चालविलें गेलें.

गांधीजींचा खप मोठा होता, तो सामान्य लेखकाला कोठून लाभावा, असें कोणी म्हणेल. यासाठीं एक हिशेब मांडून पाहूं. समजा, एका मासिकाची वार्षिक वर्गणी ३०० रुपये आहे. प्रत्येक अंकाची छपाई व टपालहंशील मिळून १५ रुपये खर्च येतो. बारा अंकांचे १८० रुपये झाले, आणि प्रत्येक वर्गणीदारामागें १२० रुपये शिल्लक राहिले. लेखकास घरखर्चासाठीं दरमहा २०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,४०,००० रुपये हवे असतील, तर त्याला २,००० वर्गणीदार पाहिजेत. आंकडे आम्हीं सोयीसाठीं घेतले आहेत. ते बदलतील, पण रीत बदलणार नाहीं. लाखों वाचकांची गरज नाहीं, ठराविक संख्येच्या निष्ठावंत वाचकांची आहे, हें त्यांतून स्पष्ट होतें.

वर्गणी आगाऊ येते, हें या व्यवस्थेचें खरें बळ आहे. वर्षारंभीं पैसे हातीं आल्यानें बाराव्या अंकाच्या कागदाची तजवीज पहिल्याच महिन्यांत करतां येते. परंतु येथेंच अननुभवी संपादक फसतो. आगाऊ आलेली वर्गणी ही मिळकत नसून कर्ज आहे. बारावा अंक टपालांत पडेपर्यंत तें पुरतें फिटत नाहीं. म्हणून दरमहा तिचा बारावा हिस्साच आपला समजावा, व बाकीचा निराळा ठेवावा. कित्येक पत्रें वाचकांच्या अभावीं मरत नाहींत. जानेवारींतच डिसेंबरचे पैसे खाल्ल्यामुळें मरतात.

दुसरी गोष्ट गळतीची. वरील उदाहरणांत दरवर्षीं चौथा हिस्सा वर्गणीदार पुन्हा वर्गणी पाठवीत नाहींत असें मानलें, तर ५०० नवे वर्गणीदार केवळ होती ती संख्या टिकविण्यासाठीं मिळवावे लागतील. म्हणजे दर आठवड्यास सुमारें दहा. हीच गळती दहावा हिस्सा झाली, तर २०० पुरतील. म्हणजे आठवड्यास चार. नवा वाचक शोधण्यास श्रम व पैसा फार लागतो. असलेला राखण्यास वक्तशीरपणा व चांगला मजकूर लागतो. मिळकतीचा नियमितपणा हा अशा रीतीनें अंकाच्या नियमितपणांतून उत्पन्न होतो.

आतां एक असें उदाहरण पाहूं, कीं ज्यांत एकट्या मनुष्यानें हें सर्व करून दाखविलें. आय्. एफ्. स्टोन हे अमेरिकन पत्रकार. १९५२ सालीं ते ज्या दैनिकांत होते तें बंद पडलें, आणि त्यांचीं राजकीय मतें तेव्हांच्या वातावरणाला न मानवणारीं असल्यामुळें दुसरी नोकरी मिळेना. वय पंचेचाळीस, पदरीं कुटुंब. १९५३ च्या जानेवारींत त्यांनीं वॉशिंग्टन येथून चार पानांचें साप्ताहिक काढलें. पूर्वीच्या पत्रांच्या वाचकांची यादी मिळवून त्यांस टपालानें विनंतीपत्रें धाडलीं, व वर्षास ५ डॉलर देणारे सुमारें ५,३०० वर्गणीदार जमविले. यांत शास्त्रज्ञ आइन्स्टाइन हेहि होते. हे झाले वर्षाचे २६,५०० डॉलर. जाहिरात एकहि नाहीं. लेखन ते स्वतः करीत. वर्गणीदारांचा व्यवहार त्यांच्या पत्नी पाहत. १९७१ च्या अखेरीस त्यांनीं पत्र थांबविलें तेव्हां वर्गणीदारांची संख्या ७०,००० च्या घरांत गेली होती.

वाचक त्यांस पैसे कां देत असत? दुसरीकडे न मिळणारी वस्तु त्यांच्याकडे मिळत असे म्हणून. स्टोन यांस ऐकूं कमी येई. त्यामुळें मोठ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर भिस्त न ठेवतां ते सरकारचेच छापील अहवाल व चौकशीचे कागद बारकाईनें वाचीत. १९५७ सालीं अमेरिकेनें नेवाडांत जमिनीखालीं अणुस्फोट केला. त्याचा धक्का दोन-अडीचशें मैलांपलीकडे कळला नाहीं, असें अणुशक्ति-आयोगानें जाहीर केलें. हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नव्हता. दूरचे स्फोट ओळखतां येत नसतील, तर अणुचांचण्या थांबविण्याचा करार पाळला जातो कीं नाहीं हें कोण पाहणार? स्टोन यांनीं भूकंपाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडेच चौकशी केली, तेव्हां हजारों मैलांवरील अलास्कांतहि तो धक्का नोंदला गेल्याचें आढळलें. आयोगास आपलें विधान दुरुस्त करावें लागलें. चार पानांच्या पत्रास हें साधलें, कारण त्याच्या मालकीण असलेल्या वाचकवर्गाखेरीज कोणाचीहि मर्जी त्याला राखावयाची नव्हती.

वर्गणीला पूरक असे एक-दोन मार्गहि आहेत. नियतकालिकांत आलेलें लेखन पुढें पुस्तकरूपानें निघूं शकतें. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून ‘नवजीवन’मध्यें प्रकरणशः येऊन मग पुस्तक झाली, स्टोन यांच्या लेखांचेहि संग्रह निघाले. व्याख्यानें, शिकवणी, भाषांतराचें काम हींहि त्याच वाचकांच्या ओळखीनें मिळतात. परंतु हे सारे फांटे होत. मूळ झाड वर्गणीचेंच.

या मार्गाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ हें पाक्षिक सुरू केलें. शाहू महाराजांनीं त्यास २,५०० रुपयांचें साह्य दिलें, तरी तें १९२३ सालीं बंद पडलें. पुढें ३ एप्रिल १९२७ रोजीं निघालेलें ‘बहिष्कृत भारत’ १५ नोव्हेंबर १९२९ पर्यंत चाललें. त्याचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. या पत्रांची योग्यता आज कोणास सांगावयास नको. पण ज्या लोकांसाठीं तीं होतीं त्यांच्यापाशीं वर्गणी देण्याइतका पैसाच नव्हता. तेव्हां पत्र चाललें म्हणजे तें थोर, व बंद पडलें म्हणजे हलकें, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. वाचकाची गरज आणि वाचकाची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूनेंहि एक मर्यादा आहे. ‘रीडर्स डायजेस्ट’ हें अमेरिकन मासिक १९२२ सालीं वॉलेस दांपत्यानें टपालानें वर्गणीदार मिळवून सुरू केलें, व मायदेशच्या आवृत्तींत कित्येक वर्षें जाहिराती घेतल्या नाहींत. खप लाखोंनीं वाढला, पण किंमत अगदीं कमी ठेवलेली. खर्च चढला तेव्हां मेळ बसेना. किंमत वाढवावी कीं जाहिराती घ्याव्या, असें वाचकांस विचारतां बहुतेकांनीं जाहिराती पत्करल्या, आणि १९५५ सालीं त्या सुरू झाल्या. यावरून दिसतें कीं ज्यास जाहिरात नको, त्यानें वस्तूची खरी किंमत मागण्याचा संकोच सोडला पाहिजे.

आज कागद व टपाल यांवांचूनहि लेखन क्षणांत वाचकाच्या हातीं पोंचतें, व वर्गणी घरबसल्या भरतां येते. खर्चाचा मोठा वांटा त्यामुळें वांचला. पण वाचकाचा विश्वास पूर्वीप्रमाणेंच हळूहळू मिळवावा लागतो. ज्या विद्यार्थ्यांस या वाटेनें जावयाचें असेल त्यांनीं आपणांस खरोखर अवगत असलेला एक विषय निवडावा. मग तो पेरूच्या बागेचा असो, गणिताचा असो कीं आपल्या तालुक्याच्या इतिहासाचा. अंकाचा दिवस ठरवून तो पाळावा. वर्गणीदारांची वही व जमाखर्च नीट ठेवावा. आणि वर्गणीदारांची संख्या पुरेशी होईपर्यंत दुसरा उद्योग सोडूं नये. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलाच्या हातीं लेखणी दिसली कीं त्याचें वाटोळें झालें असें समजूं नये. त्याच्यापाशीं हिशेबाची वही आहे कीं नाहीं एवढें मात्र जरूर पाहावें. या दोन वस्तु एका घरांत नांदल्या, तर लेखकास कोणाच्या दारीं उभें राहण्याचें कारण पडत नाहीं.