विद्यापीठपूर्व आंतरराष्ट्रीय पदविका : अभ्यासाचे नियोजन

दहावीच्या परीक्षेत उत्तम यश संपादन केलेला विद्यार्थी पुढील वर्षी पहिल्या सहामाहीतच मागे पडतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. विषय अधिक कठीण होतात, हे त्याचे एक कारण होय. परंतु कामाची मांडणीच बदललेली असते आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणी वेळेवर सांगितलेली नसते, हे कारण पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आय. बी. या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमात ते विशेष प्रकर्षाने जाणवते.

या अभ्यासक्रमाचे मूळ स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात आहे. राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तेथे १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. पालकांची बदली होई, मुले निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांकडे जात आणि प्रत्येक देशाची प्रवेशपरीक्षा वेगळी असे. ही अडचण दूर व्हावी म्हणून सर्वत्र ग्राह्य धरली जाईल अशी एक परीक्षा असावी, या विचारातून १९६८ मध्ये आय. बी. ही संस्था अस्तित्वात आली. भारतात हा अभ्यासक्रम प्रथम १९७६ मध्ये कोडाईकॅनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेने स्वीकारला. महाराष्ट्रात मुंबई व पुणे परिसरातील अनेक शाळांत तो शिकविला जातो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून याच अभ्यासक्रमासाठी देशोदेशीचे विद्यार्थी एकत्र आणीत आहे. अशा शाळांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते, हे उघड आहे. तथापि युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या संस्था निवड झालेल्यांना कौटुंबिक परिस्थिती पाहून अर्थसाहाय्य देतात, आणि म्हणूनच तालुक्याच्या गावातील हुशार मुलाला वा मुलीलाही हा मार्ग अगदीच बंद नाही. मार्ग मिळाल्यानंतर तो निभावणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

भार कोठे असतो?

विद्यार्थी एकूण सहा विषय घेतो : भाषा व साहित्य, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्रे, विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कलेचा किंवा आधीच्या गटांपैकी एखादा. सामान्यतः तीन विषय उच्च स्तरावर, प्रत्येकी २४० तासांचे, व तीन प्रमाण स्तरावर, प्रत्येकी १५० तासांचे असतात. ज्ञानाची चिकित्सा करणाऱ्या 'थिअरी ऑफ नॉलेज' या अभ्यासासाठी १०० तास असतात. हे नुसते अध्यापनाचे तास १,२७० होतात. त्याखेरीज ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र संशोधनपर प्रबंध लिहावयाचा असतो आणि सर्जनशील काम, शारीरिक उपक्रम व समाजसेवा यांचा 'कॅस' नावाचा कार्यक्रम किमान १८ महिने सातत्याने चालवावयाचा असतो. कॅसला गुण नाहीत. पण तो पूर्ण झाला नाही तर पदविका मिळत नाही.

प्रत्येक विषयाला १ ते ७ अशी श्रेणी असते. प्रबंध व थिअरी ऑफ नॉलेज मिळून आणखी ३ गुण मिळू शकतात, म्हणजे कमाल गुणसंख्या ४५ होते. उत्तीर्ण होण्यास किमान २४ गुण लागतात. परंतु तेवढ्याने भागत नाही. प्रबंध किंवा थिअरी ऑफ नॉलेज यांपैकी एकातही सर्वांत खालची श्रेणी पडली, तर बाकीचे गुण कितीही असोत, पदविका नाकारली जाते. वर्षभर वर्गात बसून मार्च महिन्यात कसून अभ्यास करण्याची सवय येथे धोक्याची ठरते ती यामुळेच. प्रत्येक विषयाच्या अंतिम गुणांचा काही भाग शाळेतच पूर्ण करावयाच्या लेखी, प्रायोगिक वा तोंडी कामावर अवलंबून असतो. गणितात व विज्ञान विषयांत तो २० टक्के आहे. ही सर्व कामे दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एकाच वेळी अंगावर येतात, आणि ज्याने ती आधी सुरू केलेली नाहीत त्याला परीक्षेच्या तयारीसाठी वेळच उरत नाही.

२०२० च्या मे महिन्यात महामारीमुळे अंतिम परीक्षा रद्द करावी लागली, तेव्हा शाळेत झालेले काम आणि शिक्षकांनी वर्तविलेल्या श्रेणी यांच्या आधारे निकाल लावण्यात आले. त्या निकालांबद्दल अनेक देशांत तक्रारी झाल्या व पुढे त्यांत काही फेरबदलही करण्यात आले. वर्षभराच्या कामाचे वजन किती असू शकते, हे त्या प्रसंगाने अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

प्रबंधाचा विषय

सर्वाधिक विद्यार्थी अडखळतात ते प्रबंधाशी. बहुतेकांनी यापूर्वी निबंध लिहिलेले असतात. स्वतः प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधलेले नसते. त्यामुळे 'महाराष्ट्रातील दुष्काळ' यासारखा अवाढव्य विषय घेतला जातो आणि ४,००० शब्दांत सर्वज्ञात माहितीचे संकलन होते. याच क्षेत्रातील अधिक योग्य प्रश्न असा असेल : १९७२-७३ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवाचा, १९७७ मध्ये संमत झालेल्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाच्या रचनेवर कितपत परिणाम झाला? येथे काळ ठरलेला आहे, साधने ठाऊक आहेत आणि उत्तर 'पुष्कळ' किंवा 'थोडा' यांपैकी कोणतेही आले तरी ते पुराव्यानिशी मांडावे लागते. विधिमंडळातील चर्चा, शासकीय अहवाल, त्या काळची वृत्तपत्रे ही सामग्री मराठीत उपलब्ध आहे. गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ही भाषा येते. ती त्याची जमेची बाजू आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. जीवशास्त्रात हाच न्याय लागू पडतो. 'पाण्याचे प्रदूषण' हा विषय नव्हे. पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढविल्यास मुगाच्या उगवणीवर काय परिणाम होतो, हा विषय होय.

प्रबंधाच्या मार्गदर्शकाने एका विद्यार्थ्याला एकूण तीन ते पाच तासच द्यावेत, असा संकेत आहे. शिवाय तो लेखनाच्या एकाच कच्च्या मसुद्यावर लेखी अभिप्राय देऊ शकतो. सबब अर्धवट मसुदा दाखविणे म्हणजे ती एकमेव संधी वाया घालविणे होय. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात प्रश्न निश्चित करावा, उन्हाळ्याच्या सुटीत वाचन किंवा प्रयोग उरकून संपूर्ण मसुदा तयार करावा, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीपूर्वी प्रबंधातून मोकळे व्हावे, ही कालमर्यादा बहुतेकांना पेलण्यासारखी आहे. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्यास आय. बी. ने सरसकट बंदी घातलेली नाही; परंतु तिने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही लबाडी मानली जाते व त्याचा स्पष्ट निर्देश करावा लागतो. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव व पृष्ठक्रमांक त्याच दिवशी वहीत टिपून ठेवण्याची जुनी शिस्त येथे फार उपयोगी पडते.

पाठांतर आणि आठवण

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन, आणि कठीण अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा वाचन, अशी समजूत रूढ आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाच शिकलेल्या गोष्टी प्रारंभी वेगाने आणि नंतर सावकाश विसरल्या जातात, हे दिसून आले होते. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींची तुलना केली. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून काढणारे पुढे गेले. पुनर्वाचनाने विषय आल्याचे समाधान लगेच मिळते, आणि तेच फसवे असते.

जुन्या शाळांतील पाढ्यांच्या उजळणीतही हेच तत्त्व होते, कारण तेथे मूल पाढा पाहून नव्हे, तर आठवून म्हणत असे. दोष पाठांतराचा नव्हता. न समजता केलेल्या पाठांतराचा होता. तेव्हा आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयाचे एक पान कोरे घेऊन त्या आठवड्यातील मुद्दे वहीशिवाय लिहावेत, राहिलेले लाल शाईने भरावेत, आणि तेच पान तीन आठवड्यांनी पुन्हा करून पाहावे. सहा विषयांना मिळून या कामास दोन-अडीच तास पुरतात.

प्रश्नातील क्रियापदाकडे लक्ष देणे ही दुसरी आवश्यक सवय होय. आय. बी. च्या प्रश्नपत्रिकेत 'वर्णन करा', 'स्पष्ट करा', 'चर्चा करा' व 'मूल्यमापन करा' या सूचनांचे अर्थ ठरवून दिलेले असतात. वर्णनात कारणे दिली नाहीत तरी चालते. स्पष्टीकरणात ती द्यावीच लागतात. मूल्यमापनात दोन्ही बाजू तोलून निर्णय द्यावा लागतो. अपेक्षित प्रश्नसंचातील तयार उत्तरे लिहिणारा विद्यार्थी नेमका येथे गुण गमावतो, आणि आपण सर्व काही लिहिले असताना गुण का गेले, हे त्याला उमजत नाही. मागील प्रश्नपत्रिका सोडविताना गुणदान-योजना शेजारी ठेवून स्वतःचे उत्तर तपासणे हा त्यावरील सर्वांत खात्रीचा उपाय आहे. शिक्षकांनी 'अभ्यास झाला का?' असे विचारण्याऐवजी 'काय लिहून झाले?' असे विचारले तर अधिक माहिती मिळेल.

झोपेविषयीही लिहिणे भाग आहे, कारण रात्रीचे जागरण या अभ्यासक्रमात जवळजवळ प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या वैद्यकीय संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयोगटासाठी दररोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. जागून केलेले पाठांतर टिकत नाही. वसतिगृहात प्रथमच राहणाऱ्या मुलांकडे गृहपालांनी या दृष्टीने लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

विषयनिवडीच्या वेळीच

भारतीय विद्यापीठांच्या संघाने या पदविकेला बारावीशी समकक्ष मानले आहे. तथापि प्रवेशाच्या अटी वेगळ्या असतात, आणि त्या पहिल्या आठवड्यातच पाहाव्या लागतात. अभियांत्रिकीस जाऊ इच्छिणाऱ्याने सहावा विषय म्हणून दुसरे विज्ञान घेतल्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय साधतात. वैद्यकीय शिक्षणासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तीन विषय लागतात. नेहमीच्या सहा गटांच्या रचनेत ते बसत नाहीत. त्यासाठी शाळेमार्फत आय. बी. कडे विशेष परवानगी मागावी लागते. ही बाब दुसऱ्या वर्षी लक्षात आल्यास इलाज राहत नाही. मातृभाषेतील साहित्य शाळेत शिक्षक नसतानाही प्रमाण स्तरावर स्वयंअध्ययनाने घेण्याची सोय आहे. त्यात ९ साहित्यकृतींचा अभ्यास करावा लागतो. घरी मराठी वाचनाची सवय असलेल्या विद्यार्थ्याने हा पर्याय शाळेकडे आवर्जून विचारावा.

मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या प्रारंभी लागतो. राज्यातील काही प्रवेशप्रक्रिया तोपर्यंत सुरू झालेल्या असतात. म्हणून समकक्षता प्रमाणपत्रासाठी लागणारी कागदपत्रे, अधिवास व जातीचे दाखले आणि उत्पन्नाचा दाखला परीक्षेपूर्वीच काढून ठेवणे श्रेयस्कर. विद्यार्थी परगावी असतो, तेव्हा हे काम पालकांच्या अंगावर पडते. तलाठी कार्यालय व ग्रामपंचायत यांनी अशा अर्जांचा निपटारा एप्रिलअखेर केला, तर जूनमधील त्यांची धावपळ वाचेल.