थांबायचं कधी, निघायचं कधी

१६ जुलै २००४. कुंभकोणमच्या काशिरामन रस्त्यावरच्या श्रीकृष्ण शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि पाहता पाहता झावळ्यांच्या छपराला भिडली. वरच्या मजल्यावर प्राथमिकचे वर्ग भरलेले होते. खाली उतरायला एकच अरुंद जिना होता. जळतं छप्पर मुलांवर कोसळलं. ९४ मुलं गेली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली आणि एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं दगावली. कुंभकोणम शहर समुद्रापासून एवढं आत आहे, की तिथे लाट पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे नोव्हेंबर २०१८मध्ये याच कावेरीच्या खोऱ्यात ‘गज’ चक्रीवादळ शिरलं, तेव्हा पक्क्या स्लॅबच्या घरात दारं लावून बसलेली कुटुंबं बचावली आणि कुडाच्या घरात थांबलेल्यांवर छप्परं आली.

तीन संकटं, एकच मुलूख आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. तंजावरच्या भोसल्यांमुळे हा मुलूख आपल्या इतिहासात आहे. आजही तंजावर-कुंभकोणमकडे तंजावरी मराठी बोलणारी घरं आहेत. पण इथे त्याचा दाखला द्यायचं कारण दुसरं आहे. वारा, पूर आणि आग ही आपल्या कोकणातली आणि कृष्णाकाठची संकटं तिथे एकाच तालुक्यात पाहायला मिळतात, आणि ‘घरात थांबू की बाहेर पडू’ याबद्दलचे गैरसमजही तिथे तेच आहेत जे चिपळूणला किंवा सांगलीला आहेत.

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे ‘काहीही झालं तरी आपलं घर हीच सुरक्षित जागा’. घर सुरक्षित असतं ते त्याच्या छपरामुळे, भिंतींमुळे आणि ते ज्या जमिनीवर उभं आहे तिच्यामुळे. आपलं आहे म्हणून नव्हे. कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत ओटी आणि मधला चौक असलेली कौलारू घरं आहेत, नव्या वस्तीत स्लॅबची घरं आहेत आणि गावाबाहेर, कालव्यांच्या कडेला विणलेल्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या आहेत. चक्रीवादळाचा इशारा या तिघांना एकाच वेळी मिळतो, पण त्याचा अर्थ तिघांसाठी एक नसतो. जोराचा वारा छपरावरून जातो तेव्हा वर ओढ तयार होते, आणि वाऱ्याकडच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडलं गेलं की आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो. दोन्ही मिळून पत्रा किंवा कौल उचललं जातं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. पत्रे पानासारखे उडत होते. स्लॅबच्या घराला ही भीती फार नाही. तिथे आतल्या खोलीत, काचेपासून लांब, खिडक्या घट्ट लावून बसणं हेच शहाणपणाचं. वाऱ्यात बाहेर निघालेल्या माणसाला घरापेक्षा झाडं, होर्डिंग आणि तुटलेल्या तारांचा धोका जास्त.

झोपडीत किंवा कौलारू घरात राहणाऱ्यानं मात्र वारा सुटण्याआधीच शेजारच्या पक्क्या घरात किंवा शाळेत जायला हवं. ‘गज’ किनाऱ्याला धडकलं ते मध्यरात्र उलटल्यावर. रात्री बारा वाजता, वीज गेलेली, म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर, अशा वेळी कुणी कुठे जाणार? म्हणून खरी वेळ आदल्या दिवशीच्या दुपारची. त्या रात्रीच्या आधी तमिळनाडूत ८० हजारांहून अधिक लोकांना निवारा केंद्रांत हलवलं होतं. त्यातल्या पुष्कळांना ते नकोसं वाटलं असणार, हेही खरं.

‘वादळ म्हणजे किनाऱ्यावरच्यांची काळजी’ असं आतल्या गावांना वाटतं. ‘गज’ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान जमिनीवर आलं आणि तिरुवारूर, तंजावर, पुदुक्कोट्टै असं आत घुसत थेट पश्चिमेला केरळ ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. त्यानं आडव्या केलेल्या नारळाच्या बागा केवळ किनाऱ्यावरच्या नव्हत्या, चांगल्या आतल्या तालुक्यांतल्याही होत्या. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर समुद्राच्या उधाणाची भीती संपते, वाऱ्याची आणि पावसाची संपत नाही.

पुराची गोष्ट वेगळी. वाऱ्यापासून आडोसा घेता येतो, पाण्यापासून लांबच जावं लागतं. पण किती लांब आणि कुणी, यातही गल्लत होते. ‘नदीकाठी राहतो म्हणजे धोका, नदीपासून लांब म्हणजे निवांत’ हे कुंभकोणमला सरळ लागू पडत नाही. शहराच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. नकाशात पाहिलं तर शहर दोन नद्यांच्या कचाट्यात दिसतं. पण पुराचं जादा पाणी कावेरीत सोडायचंच नाही, ते उत्तरेकडच्या कोळ्ळिडम नदीत वळवायचं, अशी तिथली जुनी व्यवस्था आहे. तिरुचिरापळ्ळीजवळ मुक्कोंबूला आर्थर कॉटननं १८३६मध्ये बांधलेला बांध आणि त्याच्या खालचा प्राचीन कल्लणै हे काम करतात. त्यामुळे शहरातल्या कावेरीकाठच्या घरापेक्षा कोळ्ळिडमच्या काठावरच्या, अणैकरैसारख्या गावांतल्या घरांना आधी निघावं लागतं. शहराला त्रास होतो तो बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात तुंबणाऱ्या पाण्याचा. आपल्या घरासमोर कोणतं पाणी येणार आहे, धरणातून सोडलेलं की आभाळातून कोसळलेलं, हे ठाऊक असल्याशिवाय थांबायचं की निघायचं हे ठरवता येत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये मेट्टूर धरण काठोकाठ भरून लाखांनी क्युसेक पाणी कोळ्ळिडममध्ये सोडावं लागलं, आणि त्याच महिन्यात मुक्कोंबूच्या बांधाची नऊ दारं वाहून गेली. म्हणजे ही व्यवस्थाही माणसानं बांधलेली आहे, तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

यातूनच पुढचा गैरसमज येतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जीवघेणा तोच: ‘पाणी उंबऱ्याला लागलं की निघू’. मोठ्या नदीचा पूर चाहूल देतो. मेट्टूरहून सोडलेलं पाणी कल्लणैला पोचायला एरवी तीनेक दिवस लागतात. पुरात त्याहून कमी, पण वेळ मिळतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं, हे सांगलीकर पावसाळाभर एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती फूट झालं?’ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला पुरानं वेढलेल्या गावातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि १७ जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, कारण सगळ्यांना एकाच वेळी, शेवटच्या क्षणी निघायचं होतं. चार दिवस आधी हीच माणसं एसटीनं किंवा ट्रॅक्टरनं गेली असती. मी त्यांना दोष देत नाही. ‘२००५च्या पुरात पाणी चावडीपर्यंतच आलं होतं’ हा हिशेब पूरकाठच्या प्रत्येक गावात असतो, आणि २०१९ला तोच खोटा ठरला. म्हणून घरानं आधीच एक आकडा ठरवून ठेवावा: अमुक फूट झालं की आजी-आजोबा आणि लहान मुलं वरच्या भागातल्या नातेवाइकांकडे, तमुक झालं की सगळेच. आकडा ठरलेला असला की त्या दिवशी घरात वाद होत नाहीत.

पाण्यातून गाडी काढण्याबद्दलही एक समजूत आहे की गाडी जड, ती तरंगणार नाही. वाहतं पाणी अर्धा-पाऊण मीटर झालं की बहुतेक गाड्या तरंगतात आणि वाहू लागतात. पायी चालणाऱ्याला तर घोट्यावरचं जोराचं पाणीही पाडतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर त्या क्षणी थांबणं हेच बरोबर, मग घर पलीकडे चार पावलांवर का असेना.

हवामान खात्याचा ‘रेड अलर्ट’ म्हणजे घर सोडायचा हुकूम, असं अनेकांना वाटतं. रंग सांगतात ते तयारीची पायरी: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. कोणती कृती, हे संकट काय आहे आणि घर कसं आहे यावर ठरतं. घर सोडायचा आदेश येतो तो जिल्हा प्रशासनाकडून, आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार तो न पाळणं गुन्हा ठरू शकतो. गावात दवंडी पिटली, तलाठी दारात येऊन गेला, की ‘बघू’ म्हणायची वेळ संपलेली असते.

आगीबाबत मात्र चूक उलटी होते. वादळाला घाबरणारी माणसं आगीला कमी लेखतात: ‘लहान आहे, विझेल’. श्रीकृष्ण शाळेत छप्पर वाळक्या झावळ्यांचं होतं. अशी आग विझवत बसायला वेळ देत नाही. अशा इमारतीत पहिल्या मिनिटाला बाहेर, दप्तर-चपला न शोधता. त्या आगीनंतर तमिळनाडूनं शाळांची झावळ्यांची छप्परं काढायला लावली, आणि १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलांच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम बंधनकारक केले. आपल्या मुलाच्या शाळेला जिने किती आहेत आणि ते कुलूपबंद तर नाहीत ना, हे पालकसभेत विचारायला कुणी संकोचू नये.

पण ‘आग लागली की नेहमी पळायचंच’ हेही पूर्ण खरं नाही. दहाव्या मजल्यावर राहणाऱ्याचा जिना धुरानं भरलेला असेल, तर त्या धुरात उतरणं म्हणजे मरण ओढवून घेणं. आगीत बहुतेक लोक जळून नाही, धुरानं गुदमरून मरतात. अशा वेळी दार बंद करायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, खिडकीपाशी जाऊन आपण कुठे आहोत हे अग्निशमन दलाला फोनवर सांगायचं. सिमेंटची इमारत काही वेळ आग रोखून धरते, झावळ्या धरत नाहीत. विषारी वायूच्या गळतीतही पहिला विचार दारं-खिडक्या लावून घ्यायचाच. १९८४च्या भोपाळच्या रात्री जे धावत सुटले त्यांच्या छातीत, धावताना श्वास खोल लागल्यामुळे, वायू अधिक गेला. निघावंच लागलं तर तोंडावर ओलं फडकं धरून, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं, न धावता.

आता त्या गोष्टींबद्दल ज्या बोलल्या जात नाहीत, पण ज्यांच्यामुळे सगळ्यांत जास्त लोक घरी थांबतात: जनावरं, चोरीची भीती आणि छावणीतली गैरसोय. दावणीला म्हैस बांधून माणसं निघत नाहीत, आणि हे मला पूर्ण समजतं. ती म्हैसच त्या घराची पोटापाण्याची सोय असते. म्हणून जनावरं आधी हलवायला हवीत, माणसांच्या एक दिवस आधी, उंच जागी. ते जमलं नाही तर निदान दावं सोडावं. मोकळं जनावर पोहून तरतं, बांधलेलं बुडतं. छावणीत बायकांना स्वच्छतागृह नसतं, दाटी असते, हेही खरंच. त्यासाठी पावसाळ्याआधीच ग्रामसभेत ‘आपली शाळा निवारा केंद्र आहे, तिथे संडास, पाणी आणि दिवे आहेत का’ हे विचारायला हवं. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९च्या ‘फनी’ वादळाआधी तिथे बारा लाखांना हलवलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे घडलं ते लोकांनी घर सोडल्यामुळे, आणि लोकांनी घर सोडलं ते जायला धड जागा असल्यामुळे.

शेवटचा गैरसमज परतण्याबद्दलचा: ‘वारा थांबला, आता बाहेर’. वादळाचा डोळा डोक्यावर असला की वारा एकाएकी पडतो, आकाशही उजळतं, आणि थोड्या वेळानं उलट्या दिशेनं पुन्हा तितकाच जोर येतो. ‘गज’नंतर कावेरीच्या खोऱ्यात विजेचे खांब ओळीनं पडले होते आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी रस्त्यातल्या पाण्यात लोळणारी तार मेलेली आहे असं कधीही धरायचं नाही. घरी आल्यावर आधी मेन स्विच बंद आहे का पाहावं, सिलिंडरचा वास घ्यावा, मगच दिवा किंवा काडी पेटवावी. विहिरीचं पाणी ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय प्यायचं नाही. आणि भिंतीला नवा तडा दिसत असेल तर घर कितीही कोरडं असलं तरी त्या रात्री त्यात झोपायचं नाही.