पाण्याखालचे रान

रंकाळा, कळंबा, कोटितीर्थ अशी तळी कोल्हापुरास लाभली आहेत. अशा एखाद्या तळ्याच्या काठी वाऱ्याने हिरवा पुंज लोटून आणला, की पाहणारा त्याला सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळा होतो. परंतु खऱ्या शेवाळाला मूळ, खोड, पान असे निरनिराळे अवयव नसतात. पुंजातील एखाद्या धाग्याला खोड व पाने स्पष्ट दिसत असतील, तर ते शेवाळ नव्हे. तो धागा पुष्कळदा हायड्रिला या वनस्पतीचा असतो. नरसाळे व परीक्षानळी घेऊन प्राणवायूचे बुडबुडे दाखविण्याच्या शाळेतील प्रयोगात हीच वनस्पती वापरतात.

हायड्रिलाचे खोड दोऱ्यासारखे बारीक असते. त्याच्या प्रत्येक पेराभोवती चार ते आठ अरुंद पाने चक्राच्या आऱ्यांप्रमाणे बसलेली असतात. पानाची लांबी एक-दोन सेंटिमीटर. कडेला करवतीसारखे बारीक दाते. त्यामुळे खोड बोटांच्या चिमटीतून ओढले, तर ते खरखरीत लागते. हुबेहूब अशीच दिसणारी अमेरिकेतील एलोडिया हाताला मऊ लागते आणि तिच्या पेराशी बहुधा तीनच पाने असतात. शंका उरलीच, तर तळाचा चिखल उकरावा. हायड्रिलाच्या मुळांपाशी वाटाण्याएवढे गड्डे सापडतात. वरची वनस्पती नाहीशी झाली, तरी हे गड्डे चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहतात.

हायड्रिला आपल्याकडची. मासे व पाणपक्षी तिच्यावर पोसतात. १९५० नंतर काचपेटीतील माशांच्या शोभेसाठी ती अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात गेली आणि १९६० मध्ये तेथील उघड्या पाण्यात आढळली. पुढे तिने कालवे तुंबविले, तळी भरून टाकली, नावांची वाट अडविली. नवल असे, की तेथे पसरलेली रोपे सारी मादी होती. बी न धरताच, केवळ तुकड्यांनी व गड्ड्यांनी, त्यांनी एवढा विस्तार केला!

कोल्हापूरचा अनुभव नेमका उलटा आहे. रंकाळ्यात व पंचगंगेत माजणारे केंदाळ मूळचे दक्षिण अमेरिकेचे. फुगीर देठ व जांभळी फुले यांमुळे ते दुरूनही ओळखू येते. त्याचा थर पाण्यावर पसरला, की खाली प्रकाश पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. हायड्रिलादेखील अगदीच निरुपद्रवी नव्हे. तळ्यात सांडपाणी मिसळले, की तीही बोकाळते.

तळे साफ करताना ती ओढून काढणे सोपे, पण तुटलेले एखादे पेर पाण्यात राहिले, तरी त्याला नवी मुळे फुटतात. म्हणून काढलेली वनस्पती काठालगत न ठेवता दूर नेऊन उन्हात कडकडीत वाळवावी लागते.