वस्तीचा आवाज जपून ठेवा

आमच्या गल्लीत संध्याकाळी फेरफटका मारला, तर दर दुसऱ्या पोरापोरीच्या कानात वायर दिसते. आम्ही मोठी माणसे लगेच तोंड वाजवतो, "दिवसभर त्या मोबाईलात काय असते रे तुमचे?" मीही त्याच मोठ्या माणसांपैकी. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बारावीतली मुलगी भांडी घासता घासता काहीतरी ऐकत होती. दोन हाका मारल्या, ओ नाही. रागाने तिच्या कानातले एक बोंडूक काढून मी माझ्या कानाला लावले. वाटले, सिनेमाचे गाणे असेल. पण आत कोणी एक तरुण सावकाश, स्वच्छ मराठीत महात्मा फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' वाचत होता!

मी खजील झालो. हे पुस्तक माझ्या कपाटात आहे. बी.कॉम.ला असताना चैत्यभूमीच्या स्टॉलवर घेतलेले. पहिली वीस पाने वाचली, मग नोकरी लागली, लग्न झाले, पुस्तक कपाटातच राहिले. आणि मुलीने मात्र भांडी घासता घासता दोन प्रकरणे संपवली होती. ज्या मोबाईलला मी शिव्या देत होतो, त्यानेच मला माझा आळस दाखवून दिला. म्हणून वाचकहो, आज या 'पॉडकास्ट' नावाच्या प्रकाराबद्दल चार शब्द लिहीत आहे.

पॉडकास्ट म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचे तर पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवे तेव्हा ऐकता येणारा, भागाभागांनी येणारा कार्यक्रम. हा शब्द २००४ साली इंग्लंडमधल्या एका वृत्तपत्रातल्या लेखात प्रथम आला. 'आयपॉड' हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, या दोन शब्दांची ती जोडणी. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो, चुकला की गेला. पॉडकास्टचा भाग मात्र साठवलेला असतो. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाने पहाटे ऐकला तरी चालतो, लोकलमध्ये लटकून ऐकला तरी चालतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. खाजगी एफ.एम. केंद्र काढायचे तर सरकारी लिलावात बोली लावून परवाना घ्यावा लागतो. ते काम शेठजींचे. २००६ पासून सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. तेलंगणातील माचनूर या खेड्यात २००८ साली दलित स्त्रियांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. शेतात राबणाऱ्या बाया स्वतः मुलाखती घेऊ लागल्या, बियाण्यांची माहिती आणि जात्यावरची गाणी लोकांपर्यंत पोचवू लागल्या. पण तिथेही परवाना, मनोरा, यंत्रसामग्री लागतेच. पॉडकास्टला यातले काही लागत नाही. साधा मोबाईल, शांत खोली आणि सांगण्यासारखे काहीतरी, एवढे पुरे.

वाचणारा एक, ऐकणारे वीस

आपल्या समाजाला हे काही नवीन नाही. माझे आजोबा अंगठाबहाद्दर होते. वडील सांगायचे, चाळीत 'प्रबुद्ध भारत'चा अंक आला की गिरणीतून आलेली माणसे हातपाय धुऊन जिन्यापाशी बसत. शिकलेला एखादा पोरगा दिव्याखाली मोठ्याने वाचे. वाचणारा एक, ऐकणारे वीस! ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनीही बाबासाहेबांचा विचार असा कानाने वाचला. जलशांनी तेच काम केले.

आपले माध्यम आपल्या हाती का असावे, हेही आपल्याला शिकवावे लागत नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा त्या पत्राला बळ मिळाले. आज बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. मग आपण गप्प का?

पुस्तके वाचून दाखवा, पण कायदा पाहून

जगात २००५ पासून 'लिब्रिवॉक्स' नावाचा एक उपक्रम चालू आहे. हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तके जगभरचे स्वयंसेवक आपल्या आवाजात वाचतात आणि ती फुकट ऐकायला ठेवतात. वाचणाऱ्याला एक पैसा मिळत नाही, ऐकणाऱ्याला एक पैसा पडत नाही. अशी वीस हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे तिथे झाली आहेत. त्यात इंग्रजीचाच भरणा अधिक आहे. पण रीत आपणही उचलू शकतो.

मात्र इथे कारकुनी डोके वापरले पाहिजे. आपल्या देशात लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. त्यानंतर ते साहित्य सर्वांचे होते. महात्मा फुले १८९० साली गेले, तेव्हा 'गुलामगिरी' असो की 'असूड', खुशाल वाचा. ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची 'स्त्री-पुरुष तुलना' आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त आलेला मुक्ता साळवे या मुलीचा निबंधही खुला आहे. बाबासाहेबांच्या लेखनावरील मुदत ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपली. 'बहिष्कृत भारता'तले त्यांचे अग्रलेख मुळात मराठीतच आहेत, ते घरी वाचून ध्वनिमुद्रित करता येतील. पण इंग्रजी ग्रंथांच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हे विसरू नका. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांची 'फकिरा' १ जानेवारी २०३० पासून खुली होईल. तोपर्यंत वारसांची परवानगी घ्यावी. आपल्या लेखकाचे हक्क आपणच बुडवले, तर दुसऱ्याला काय सांगणार?

नळावरची पाटी

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीत एक आजी होत्या. तीस वर्षांपूर्वी वस्तीला पाणी नव्हते. आजींनी बायका गोळा केल्या, रिकामे हंडे घेऊन पालिकेच्या दारात ठाण मांडले, तेव्हा कुठे नळ आला. आम्ही पोरे त्या मोर्चात आयांच्या पदराला धरून होतो. २०२३ साली आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आठवणी निघाल्या. एकजण म्हणाला बायका तीन दिवस बसल्या, दुसरा म्हणाला आठ. साल कोणी १९९३ सांगे, कोणी १९९४. आणि नळावर पाटी आहे ती त्या वेळच्या नगरसेवकाची! आजींचे नाव कुठेच नाही.

रात्री मी मोबाईल चाळला. आजींचा आवाज सापडला, फक्त चाळीस सेकंदांचा. "बाळा, रेशनकार्डाचा फॉर्म आणलास का रं?" एवढाच. ज्या बाईने वस्तीला पाणी आणले, तिचा आमच्याकडे उरलेला ठेवा म्हणजे रेशनकार्डाची चौकशी. दहा वर्षे मोबाईल माझ्या खिशात होता आणि आजी चार घरे सोडून राहत होत्या. दोष कोणाला द्यायचा?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी ही चूक केली नाही. आंबेडकरी चळवळीत लढलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्यासमोर बसून, त्यांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. ते नसते तर कित्येक नावे त्या बायांबरोबरच गेली असती. स्वतः बाबासाहेबांचा आवाज तरी आपण कसा ऐकतो? १९५५ साली बी.बी.सी.ने मुलाखत मुद्रित करून ठेवली म्हणून. ज्याची नोंद झाली ते टिकले, बाकीचे ऐकीव राहिले.

आम्ही काय केले

त्या मोर्चातल्या चार बाया अजून आहेत. मुलीने आणि मी ठरवले, त्यांना बोलते करायचे. पहिले मुद्रण फुकट गेले, सगळीकडे पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरची शिटी. दुसऱ्या वेळी दुपारी पंखा बंद करून बसलो. मावशी म्हणाल्या, "मला अडाणीला काय इचारता?" आणि मग तासभर थांबल्या नाहीत! एका मावशीने पत्र्याच्या पेटीतून दर घरटी दोन रुपये वर्गणीच्या पावत्या काढल्या. त्यांवरच्या तारखांवरून कळले की बायका पाच दिवस बसल्या होत्या आणि साल १९९४ होते. वादाचा निकाल लागला. बोलण्याला कागदाची जोड मिळाली की कोणी खोडू शकत नाही.

मावशींना ऐकवून, त्यांच्या संमतीने मुलीने तीन भाग मोबाईलवरून सर्वांसाठी ठेवले. ऐकणारे अजून शंभरही झाले नाहीत. पण त्या मावशींच्या सुना आता सासूचे बोलणे शेजारणीला ऐकवतात, हे मी पाहिले आहे.

आपल्या घरी हे करायचे असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख मोठ्याने बोलावी आणि तेच वहीतही लिहावे. "कसे वाटले?" असे न विचारता "त्या दिवशी सकाळी काय केले?" असे विचारावे, म्हणजे माणूस खुलतो. मध्ये बोलू नये. सांगणाऱ्याला पूर्ण ऐकवून, विचारूनच बाहेर द्यावे. घरातले भांडण किंवा कोणाची बदनामी असेल तर तेवढा भाग वगळावा. साध्या प्रतीचे, ६४ केबीपीएसचे अर्ध्या तासाचे मुद्रण सुमारे १४ एमबी होते, म्हणजे खर्च जवळजवळ नाहीच. पण एक प्रत दुसऱ्या मोबाईलवर किंवा पेन ड्राईव्हवर ठेवावीच, कारण मोबाईल हरवतो.

एक इशाराही देतो. पॉडकास्ट स्वतंत्र आहे म्हणजे तो खरा असेलच असे नाही. परवाना लागत नाही, तसा तपासणाराही कोणी नसतो. इतिहासाच्या नावाखाली थापा मारणारे आणि जातीजातींत विष कालवणारे तिथेही आहेत. बोलणारा तारीख सांगतो का, पुस्तकाचे नाव सांगतो का, चूक झाली तर कबूल करतो का, हे पाहावे. आवाज चढवला म्हणून बोलणे खरे होत नाही.

बंधू-भगिनींनो, कपाटातले 'असूड' मी आता काढले आहे. रोज रात्री जेवणानंतर दोन पाने मोठ्याने वाचतो. मुलगी मुद्रण करते, पत्नी चुकलेला उच्चार सुधारते. आणि दर रविवारी आम्ही वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊन बसतो. तुमच्याही घरात, शेजारात अशी आजी असेल, गिरणीच्या संपातले बाबा असतील, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेले काका असतील. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. चहा मागा, पंखा बंद करा आणि विचारा. पुढच्या वर्षी विचारू म्हणून थांबू नका. मी थांबलो होतो.

जयभीम!