मंत्रचळ आणि बालपणीची भीती

"हाताला नायटा झालाय, मलम द्या," म्हणत पस्तिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. कातडी पांढरी पडून सोललेली. मी दोनदा मलम दिले. ती माझी चूकच. तिसऱ्या खेपेला यजमान सोबत आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दिवसाला साबणाची एक वडी संपते हो!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हा मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी. नकोसा विचार मनात पुनःपुन्हा येतो, जीव घाबरा होतो आणि तो शांत करण्यासाठी माणूस हात धुतो, कड्या तपासतो, मोजत बसतो. घटकाभर बरे वाटते, आणि त्या सुटकेपायीच सवय घट्ट होते. शंभरात एक ते तीन जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आजीचे सोवळे म्हणजे मंत्रचळ नव्हे. पण रोज तासाभराहून जास्त वेळ त्यात जाऊ लागला, कामे अडू लागली, तर दाखवावे.

बाईंना बालपणाविषयी विचारले. वडील दारू पिऊन येत, आईला मारीत. रडले तर हिलाही मार. "रडू आलं की मोरीत जाऊन तोंड धुवायची, म्हणजे कुणाला कळायचं नाही," एवढेच त्या बोलल्या.

घाबरलेल्या मुलाला मोठी माणसे जवळ घेतात, त्यातूनच ते पुढे स्वतःला सावरायला शिकते. हे न मिळालेले मूल भावना दाबायला शिकते. ज्यांनी लहानपणी मारहाण, हेळसांड, लैंगिक अत्याचार सोसले, त्यांच्यात मंत्रचळाची लक्षणे अधिक आढळतात. भावना सांभाळता न येणे हा त्यातला एक दुवा असावा, असे संशोधक मानतात. मात्र सरसकट आईबापांना दोष देऊ नका. आनुवंशिकताही असते, आणि सुखात वाढलेल्यांनाही हा आजार होतो.

उपचार आहेत. भीतीला थोडे थोडे सामोरे जायचे, पण हात धुवायचे नाहीत, या पद्धतीचा पाया व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली लंडनमध्ये घातला. फ्लुओक्सेटीनसारखी औषधेही देतात. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात; ती नशेची नव्हेत, पण मनाने बंद करू नयेत. घरच्यांनी "हात स्वच्छ आहेत ना?" या प्रश्नाला दर वेळी उत्तर देऊ नये, त्याने आजार पोसला जातो. ओरडूही नये. सल्ल्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून मोफत आहे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला बाई आधी तयार नव्हत्या. "मी काय वेडी आहे?" म्हणाल्या. यजमानच धीर देऊन घेऊन गेले. आता साबणाची वडी दहा दिवस पुरते. घरात कुणी आवाज चढवला की मात्र पाय अजून मोरीकडे वळतात.